मुलुंडच्या कारखान्यातला एकोणिसावा कागद

आमच्या तालुक्याच्या कचेरीसमोर, चिंचेच्या झाडाच्या उजव्या अंगाला बसून, गेली सव्वीस वर्षे मी लोकांचे अर्ज लिहितो. डाव्या अंगाला दुसरे एक गृहस्थ बसतात, परंतु त्यांच्या अक्षराविषयी येथे काही लिहिणे मला शोभणार नाही. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. तरीही वारसनोंद असो, विहिरीचा वाद असो की निवृत्तिवेतनाची विनंती असो, माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून आजवर परत आलेला नाही. अशा माणसास मुंबईच्या उपनगरांत विम्याच्या बाजारसंशोधनासाठी बोलावणे आले, याचे गावात पुष्कळांना नवल वाटले. मला वाटले नाही.

परत आल्यापासून आवारात येणारा प्रत्येक जण विचारतो की मुंबईत काय पाहिलेत. त्यांना मी काचेच्या इमारतींची व आपोआप उघडणाऱ्या दारांची हकीकत सांगतो आणि ते समाधानाने जातात. परंतु या प्रवासात खरोखर घडले ते एवढेच, की मुलुंडच्या एका कारखान्यातील एका बाईंची नोकरी माझ्या हस्ताक्षरापायी जाण्याच्या बेतात आली. ज्यांनी ती उपनगरे पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी इतर गोष्टीही सांगतो, पण लिहायला बसलो आहे तो या कारणासाठी.

भांडुप

मुक्काम माझ्या चुलत बंधूंच्या घरी होता. भांडुपला टेकडीच्या उतारावर त्यांची दोन खोल्यांची जागा आहे. पायऱ्या इतक्या उभ्या, की वर पोहोचल्यावर मनुष्याने आधी पाणी मागावे की पंखा, हे ठरविता येत नाही. बंधू पाळीवर गेले होते. दार वहिनींनी उघडले. मी या कामासाठी मुद्दाम शिवून घेतलेला कोट अंगात होता.

"भावजी, आधी तो कोट काढा," त्या म्हणाल्या. "हंय तुमका बघूक कोण येवचो नाय."

त्यांची मुलगी केतकी एका बाजारसंशोधन संस्थेत काम करते. वय सव्वीस. बोलणे असे, की समोरच्याचे वाक्य पूर्ण होण्याआधी तिचे उत्तर तयार असते. मला बोलावणारी तीच. बांगड्याचे तिखले व भात पानात असताना तिने मला काम समजावून दिले.

"काका, नीट ऐका हां. कंपनी स्वतःहून जो विमा देते तो वेगळा. हा ऐच्छिक. म्हणजे कामगाराला पाहिजे तर त्याने घ्यायचा, हप्ता त्याच्याच पगारातून जाणार. कंपनी फक्त विमावाल्याला दार उघडून देते. एका जागी एवढी माणसं मिळतात, म्हणून तो डॉक्टरी तपासणी मागत नाही. आपल्याला शोधायचंय, लोक तो का घेतात आणि का घेत नाहीत."

"आणि ते मी शोधावयाचे."

"शोधणार मी. तुम्ही फक्त लिहायचं. जसं बोलतील तसं. मुलुंडच्या कारखान्यात आत मोबाइल चालत नाही, लॅपटॉप पण नाही. कागदावर भराभर मराठी लिहिणारं आमच्याकडे कोणी नाही ओ. आणि आमच्यासारख्या पोरींशी तिथल्या बायका मोकळ्या बोलत पण नाहीत."

वहिनी इतका वेळ पानात माशाचा तुकडा वाढायला टपून होत्या. "म्हंजे विमो इकूचो नाय, कोण घेतलो काय तां निस्ता इचारूचा?"

"हो, मम्मी."

"आणि त्येचो पगार गावता?"

"हो."

"मगे माका पण इचार गो. माझ्याकडे लय उत्तरा आसत."

मला हे काम आमच्या गावच्या रीतीपेक्षा उलटे वाटले. आमच्याकडे विमा म्हणजे विम्याचा एजंट. तो कोणाचा तरी मेव्हणा असतो, ओटीवर बसून चहा घेतो, घरात कोण खोकतो ते ऐकतो आणि मग कागद काढतो. माझ्याकडे मनुष्य येतो तो त्या कागदाने दगा दिल्यानंतर. घडून गेलेल्या गोष्टीवर मी सव्वीस वर्षे लिहीत आलो. घडण्याआधी मनुष्यास विचारावे की तुला कशाची भीती वाटते, आणि ते लिहून घ्यावे, हा अनुभव नवा होता.

केतकीने आणखी एक सूचना केली होती, की हे सारे गोपनीय आहे. मी मान हलविली. गोपनीय म्हणजे काय हे मला सांगण्याची आवश्यकता नाही, असेच तेव्हा वाटले.

अंधेरी

पहिले दोन दिवस मी केवळ शेजारी बसून पाहावयाचे होते. अंधेरी पूर्वेच्या एका काचेच्या इमारतीत आम्ही गेलो. प्रवेशद्वारी एका यंत्राने माझे छायाचित्र काढले व गळ्यात अडकविण्यास दिले. त्यात माझे डोळे मिटलेले आले. दुसरे काढून द्यावे अशी मी विनंती केली, तेव्हा तेथील रक्षक म्हणाला, "अंकल, संध्याकाळी परतच द्यायचंय ना." दिवसभर मी झोपलेल्या चेहऱ्याने त्या कार्यालयात वावरलो.

तेथे चारशे माणसे एका दालनात बसतात आणि कानाला यंत्र लावून कोणा परदेशी गिऱ्हाइकाशी बोलतात. एका तरुणास केतकीने विचारले की त्याने ऐच्छिक विमा घेतला आहे काय.

"घेतला असेल," तो म्हणाला.

"असेल म्हणजे?"

"जॉइनिंगच्या दिवशी वीसेक फॉर्म आले होते स्क्रीनवर. सगळ्यांना येस केलं. त्यातला एक असेल. नाय बघितलं यार."

मी न राहवून म्हणालो, "अहो, न वाचता संमती दिलीत?"

"काका, वाचत बसलो असतो तर जॉइनिंग झालं नसतं."

त्याच्यामागून आलेल्या मुलीने मात्र एकच प्रश्न उलट विचारला. आईला यात घेता येते का? केतकी म्हणाली, या योजनेत नाही. "मग माझ्या कामाचा नाही," असे म्हणून ती उठली. खुर्ची जागेवर सरकवून ठेवण्याइतकी ती नीटनेटकी होती. केतकीने लॅपटॉपवर तिचे चार शब्द जसेच्या तसे टिपले. मला तो मजकूर अगदीच अपुरा वाटला. त्यात अर्जदाराची परिस्थिती नाही, कारण नाही, विनंती नाही. माझ्याकडे असती तर मी त्या मुलीच्या वतीने एक पानभर लिहिले असते, असे मनात आले व त्याचा मला थोडा अभिमानही वाटला.

बोरिवली

बोरिवलीस औषधांच्या एका गोदामात गेलो. तेथील माल उतरवून घेणारे गृहस्थ गोराईच्या कोळीवाड्यातले. घरी अजून होडी आहे, धाकटा भाऊ समुद्रावर जातो. दुपारी त्यांनी आपल्या डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी व तांदळाची भाकरी माझ्यापुढे सरकविली. आमच्याकडच्या चटणीत खोबरे अधिक असते. त्यांच्या चटणीने डोळ्यांत पाणी आले, आणि ते गृहस्थ समाधानाने पाहत राहिले.

त्यांनी अपघाताचा विमा घेतला होता, पण घरी सांगितला नव्हता.

"का नाही सांगितला?" केतकीने विचारले.

"माझी म्हातारी म्हणते, मरणाचा कागद घरात ठेवू नये. मग म्हटलं, ऑफिसात ठेवतो. हे काय घर नाही."

आम्ही तिघे हसलो. परंतु परतताना मी केतकीस विचारले, की यांचे काही बरेवाईट झाले तर त्या म्हातारीस हा कागद आहे हे कळणार कसे? ती म्हणाली, "काका, हा प्रश्न आमच्या फॉर्ममध्ये नाहीये," आणि लगेच वही काढून तो लिहून घेतला. संशोधनास माझ्याकडून झालेली ही एक भर येथे नोंदवून ठेवतो.

मुलुंड

तिसरा दिवस माझा होता. मुलुंडला पुठ्ठ्याची खोकी तयार करणारा एक कारखाना आहे. केतकीने सकाळी मला फाटकात सोडले, छापील प्रश्नांचा गठ्ठा हाती दिला आणि ती घाटकोपरला आपल्या कार्यालयात गेली. मोबाइल फाटकावर जमा झाला. उपाहारगृहाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीशेजारी मला टेबल मिळाले. कामगार एकेक करून येत. संध्याकाळपर्यंत मी बावीस जणांचे लिहून घेतले.

कसे लिहिले, हे आता सांगितले पाहिजे. छापील कागदावर वरच्या बाजूस बोटभर जागा कोरी होती. कोऱ्या जागेत नाव, वय, राहणार, धंदा एवढे आल्यावाचून माझा हात पुढे सरकत नाही. ते प्रत्येक कागदावर मी लिहिले. प्रत्येकाने जे सांगितले ते शुद्ध व सुसंगत करून उतरविले. शेवटी प्रत्येकाची सही घेतली, कारण सहीशिवायचा कागद आमच्या कचेरीत कोणी हातात धरीत नाही. दुपारच्या जेवणात डाळ, भात, दुधीची भाजी आणि भाजलेला पापड होता. पापड गुजराती रीतीचा, मिऱ्याचा होता. तो खात असता मला वाटले की हे काम माझ्याचसाठी निर्माण झाले आहे.

एकोणिसाव्या कागदावर ज्या बाई आल्या त्यांचे नाव मी येथे देत नाही. वय चाळिशीचे. खोक्यांना पट्टी लावणाऱ्या यंत्रावर काम. अकरा महिन्यांच्या करारावर आठ वर्षे काढलेल्या. त्या बसल्या नाहीत, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"भाऊ, यात आजार विचारतात का?"

मी सांगितले की नाही.

"मेडिकल नाही? नक्की?"

"नक्की. योजनेचे वैशिष्ट्यच ते आहे."

मग त्या बसल्या. मागे वळून पाहिले आणि आवाज खाली आणला. "मला फिट येते. यायची. गोळी चालू आहे, तीन वर्षांत एकदा पण नाही आली. पण बाहेर कुठं विमा मागायला गेलं की पहिला प्रश्न तोच. मग देत नाहीत. इथं विचारत नसतील तर मी घेते."

"कारखान्यात कोणास ठाऊक आहे?"

"वेडे काय तुम्ही? या महिन्याअखेर करार संपतोय. नवीन यादी ऑफिसवाले साहेब करतात. फिट ऐकली तर माझं नाव कशाला घालतील? मुलगी बारावीला आहे, घरात कमावणारी मी एकटी." त्यांनी माझ्या कागदाकडे पाहिले. "हे तुमच्याकडंच राहणार ना?"

मी म्हणालो, "बाई, माझ्याकडचा कागद म्हणजे कुलपातला कागद."

सही करताना त्या थांबल्या. "सही कशाला?"

"सहीवाचून कागदास वजन येत नाही," मी सांगितले. त्यांनी सही केली. अक्षर शाळेतल्यासारखे गोल होते.

संध्याकाळी बावीस कागद मी एका पाकिटात घातले. गोपनीय असल्यामुळे पाकीट डिंकाने बंद केले. आता बंद पाकीट कोणाच्या तरी नावे असावे लागते. म्हणून त्यावर 'मा. कार्मिक अधिकारी यांचे सेवेशी' असे लिहिले, आणि आवक शिक्का घेण्यासाठी कारखान्याच्या कार्यालयात गेलो. पोच घेतल्याखेरीज कोणताही कागद मी सव्वीस वर्षांत हातावेगळा केलेला नाही. खिडकीवरचा मनुष्य म्हणाला की शिक्का आत आहे, साहेब गेले आहेत, ठेवून जा, उद्या मारून ठेवतो. मी ठेवून आलो.

त्या रात्री मी फार शांत झोपलो.

घाटकोपर

केतकीचे कार्यालय घाटकोपरला एका फरसाणाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आहे. जिन्यात दिवसभर तळलेल्या शेवेचा वास भरून राहतो. मी सकाळी पोहोचलो तेव्हा ती फाफडा खात होती व एकीकडे फोनवर कोणास तरी रागे भरत होती. फोन ठेवून तिने हात पुढे केला.

"द्या, काका. मुलुंडचे."

"ते तेथे आहेत. शिक्क्यासाठी दिले आहेत. दुपारी घेऊन येऊ."

"कसला शिक्का?"

मी सर्व क्रमवार सांगितले. नाव, वय, राहणार, सही, डिंक, सेवेशी. सांगत असता तिचा फाफडा हातातच राहिला.

"नावं लिहिलीत?"

"पूर्ण नावे."

"काका, वरची जागा कोरी आहे ना, ती मुद्दाम कोरी आहे. हे लोक बोलतात कशामुळे? कोण बोललं ते कधीच कळणार नाही म्हणून बोलतात. आणि तुम्ही ते कोणाला दिलंत? ज्याला कळायला नको त्यालाच."

"पाकीट बंद आहे."

"त्याच्या नावाने आहे, काका. स्वतःच्या नावाचं पाकीट माणूस काय देवापुढे ठेवतो?"

आमच्या व्यवसायात मनुष्याचे नाव हीच त्याची ताकद असते. नाव नसलेला अर्ज निनावी ठरतो आणि कचऱ्यात जातो. मी आयुष्यभर माणसांची नावे कागदावर आणली, कारण कागदावर नाव नसल्यामुळेच त्यांचे काही ना काही बुडालेले असे. नाव लिहिल्याने एखाद्याचे बुडू शकते, हा विचार मला कधी करावा लागला नव्हता. मग मी केतकीस एकोणिसाव्या कागदात काय आहे ते सांगितले. तिने फाफडा खाली ठेवला, हात रुमालास पुसले आणि चपला घातल्या.

पुन्हा मुलुंड

कार्मिक अधिकारी पस्तिशीचे, सभ्य गृहस्थ निघाले. त्यांनी आम्हांस पाणी मागविले. पाकीट त्यांच्या टेबलावर होते आणि ते उघडलेले होते.

केतकी म्हणाली, "सर, हे आमचे कच्चे कागद आहेत. चुकून तुमच्याकडे आले. परत न्यायला आलोय."

"हो ना, मलाही कळेना की हे माझ्याकडे का," ते म्हणाले. "सकाळी तीन वाचले. मग सोडून दिले." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "लिहिलंय कोणी? तुम्ही?"

"होय."

"अक्षर सुरेख आहे. पण काका, तिघांचाही मजकूर एकच आहे. 'सदरहू योजनेस माझी सहर्ष संमती असून.' माझ्या फ्लोअरवर सहर्ष म्हणणारा एकही माणूस नाही. मला वाटलं तुम्हीच घरी बसून भरलेत. म्हटलं, काय वाचायचं यात."

त्या खोलीत माझ्या भाषेचा असा अपमान झाला, आणि त्याच अपमानाने त्या बाई बहुधा वाचल्या. दोन्ही गोष्टी एकाच क्षणी माझ्या ध्यानात आल्या. माझ्या सुंदर वाक्यांमागे बावीसही माणसे सारखीच झाली होती. म्हणून तर चौथा कागद उलटण्याचीही कोणास इच्छा झाली नाही.

पाकीट हातात देताना ते म्हणाले, "तसं नावांसकट होतं ते आम्हाला उपयोगीच पडलं असतं. कोणाला काय त्रास आहे ते कळलं असतं."

"म्हणूनच नावं घेत नाही, सर," केतकी म्हणाली.

"मी वाईट अर्थाने नाही म्हणत. मशीनवर कोणाला काही झालं तर उत्तर मलाच द्यावं लागतं. मला माहीत नको का?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाची प्रकृती त्या यंत्राची जबाबदारी असणाऱ्यास ठाऊक असावी, हे कोणीही मान्य करील. परंतु ज्याच्याकडे ती जबाबदारी आहे, त्याच्याच हाती करारांची यादीही आहे. एकच मनुष्य वैद्यही आहे आणि दरवानही, तेव्हा रोग्याने दारात उभे राहून आपला रोग सांगावा तरी कसा? त्या विम्याची विक्री तेथे का होते आणि का होत नाही, याचे उत्तर मला वाटते त्या टेबलावरच होते. केतकीस मी हे बाहेर आल्यावर सांगितले. ती म्हणाली, "काका, हे मी रिपोर्टमध्ये घालणार." पण त्या वेळी मला त्याचा आनंद झाला नाही.

फाटकाबाहेर तिने पाकीट पिशवीत टाकले. "झालं. सुटलो. बाईंना काही सांगू नका, उगाच घाबरतील."

मलाही प्रथम तेच बरे वाटले. मग आठवले की त्यांनी स्पष्ट शब्दांत मला विचारले होते, हे तुमच्याकडेच राहणार ना, आणि मी हो म्हटले होते. तो कागद एक रात्र व अर्धा दिवस माझ्याकडे नव्हता. हे त्यांना माहीत नसेल, तर महिनाअखेरीस यादी लागली व त्यात त्यांचे नाव नसले, तर का नाही हे त्यांना कधीच समजणार नाही. मी केतकीस सांगितले की मी थांबतो. तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिले आणि तीही थांबली.

चार वाजता पाळी सुटली. रस्त्यापलीकडे चहाची टपरी आहे, तेथे मी त्यांना बोलाविले व सर्व सांगितले. काही झाकले नाही.

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "साहेबांनी वाचलं?"

"तीनच वाचले, असे म्हणाले. तुमचा एकोणिसावा."

"म्हणाले. वाचणारा कधी सांगतो का किती वाचलं?" त्या रस्त्याकडे पाहत राहिल्या. "कुलपातला कागद म्हणालात ना तुम्ही?"

"म्हणालो होतो."

"शिकलेल्या माणसांवर विश्वास ठेवला की असंच होतं."

"मी नववीपर्यंतच शिकलो आहे," मी म्हणालो. का म्हणालो ते ठाऊक नाही.

"मग तर बोलायलाच नको." त्यांनी हात पुढे केला. "माझा द्या इकडं. काय लिहिलंय ते तरी वाचून दाखवा आधी."

मी वाचले. "मी खाली सही करणार श्रीमती अमुक, विनंतीपूर्वक नमूद करते की, मला अपस्माराचा विकार असून सदरहू विकाराची वाच्यता मी कारखान्यात केलेली नाही, तथापि सदरहू योजनेचा लाभ मिळणेस माझी सहर्ष संमती आहे."

"अपस्मार म्हणजे?"

"फिट."

"मग फिट लिहायचं ना." त्या हसल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला. "हे मी बोललेच नाही, भाऊ. हे कोणी दुसरीच बाई बोलली."

कागद त्यांनी आडवा फाडला, उभा फाडला आणि तुकडे जेवणाच्या डब्यात घालून झाकण लावले. मला वाटले आता त्या उठतील. त्या उठल्या नाहीत. केतकीकडे वळून त्यांनी विचारले, "आता माझं तुमच्या मोजणीत येणार नाही का?"

"तुम्हाला नको असेल तर नाही येणार," केतकी म्हणाली.

"नको कशाला? मी सांगितलं ते सांगायचं होतं म्हणून सांगितलं. परत लिहा. नाव न घालता लिहा."

केतकीने कोरा कागद दिला. त्या सांगू लागल्या आणि मी लिहू लागलो. दर वाक्याला माझा हात अडखळत होता, कारण प्रत्येक ठिकाणी मला त्याहून चांगला शब्द सुचत होता व तो गिळावा लागत होता. अर्ध्या पानाच्या त्या मजकुराने मला जेवढे दमविले, तेवढे कोणत्याही वारसनोंदीने दमविलेले नाही.

राहिलेले एकवीस कागद केतकीने त्याच दिवशी नष्ट केले. अधिकाऱ्यांची परवानगी काढून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या पाण्याच्या टाकीशेजारी बसलो व एकविसांना पुन्हा विचारले. आधी प्रत्येकास सांगितले की परवा मी चूक केली. त्यांपैकी चौघांनी दुसऱ्यांदा बोलण्यास नकार दिला. तो त्यांचा अधिकार होता, आणि ती चार उत्तरे संशोधनातून कायमची गेली.

मी गावी परतल्यानंतर, महिना संपल्यावर, केतकीच्या फोनवरून त्या बाई माझ्याशी बोलल्या. यादी लागली होती आणि त्यांचे नाव त्यात होते. यादी लागेपर्यंतचे सगळे दिवस साहेब समोरून गेले की हातातले खोके निसटायचे, असे त्या म्हणाल्या. विमा मात्र त्यांनी घेतला नाही. हे लिहू का, असे मी त्यांना विचारले. नाव नको, बाकी लिहा, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या कागदाची प्रत मजजवळ नाही, ती ठेवण्याची रीत नाही. परंतु प्रत्येक शब्द मला पाठ आहे, आणि त्या दिवशी टपरीवर त्यांनी सांगितले तसे ते येथे देतो:

"आजार विचारत नाहीत म्हणून घ्यावासा वाटतो. पण हप्ता पगारातून कापणार म्हणजे पगार काढणाऱ्याला कळणार. काय घेतलं ते कळलं की का घेतलं ते पण कळतं, माणसं काय खुळी नसतात. आम्ही इथं हजेरीला बोट देतो, दिवसाचे नऊ तास देतो, आता फिट पण इथंच जमा करायची का? हाच विमा बाहेर, आमच्या गल्लीत कोणी दिला, आजार न विचारता, तर मी उद्या घेते. इथं नको. लिहिलंत? काही चांगलं करून नाही ना लिहिलं? दाखवा."